दिल्लीचे कोट

टीव्हीवर केंद्रानं कुठल्या राज्याला भरभरून दिलं आणि कुठल्या राज्याच्या तोंडाला पानं पुसली यावर भांडण सुरू झालं, की मी उठून स्वयंपाकघरात जाते. नातू म्हणतात, आजीला राजकारण कळत नाही. कळतं की! माझ्या वडिलांनी आणि सासऱ्यांनी हेच भांडण आमच्या ओसरीवर इतक्या वेळा करून ठेवलंय, की त्यात नवीन ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही.

माझं माहेर उमरग्याकडचं, अगदी शिवेवरचं गाव. सासर ओढ्यापलीकडं. माझी सुपारी फुटली तेव्हा दोन्ही गावं हैदराबाद राज्यात होती. नांदायला गेले तोवर राज्यांची वाटणी झाली. माहेर मुंबई राज्यात आलं आणि सासर म्हैसूर राज्यात गेलं. ओढा होता तिथंच राहिला. सासरी निम्मं मराठी आणि निम्मं कानडी चालायचं, तेही तसंच चालू राहिलं. बदल झाला तो दोन व्याह्यांत. आधी ते बैलांवरून एकमेकांची टर उडवायचे, आता राज्यांवरून उडवू लागले.

वडील बाजाराहून येताना शिळा पेपर आणायचे. सासरे आले की तो मांडीवर पसरून म्हणायचे, "बघा पाव्हणं, दिल्लीनं आमच्या राज्याला किती कोट दिलं ते." सासऱ्यांना वाचता येत नव्हतं, पण हार मानणारा माणूस नव्हे. "ते पेपरात दिलं आसंल," म्हणायचे, "आमाला दिल्लीनं गावात आनून दिलंय. बारवंला कठडा झाला, रहाट बसला. तुमच्याकडं काय हाय?" दिल्ली दोघांनीही पाहिली नव्हती. पंगतीत आपल्यापेक्षा शेजारच्या पानात जिलेबी जास्त पडली का, एवढंच बघणारे असतात ना, तसे ते दोघं होते.

कठड्याची गोष्ट मात्र खरी होती. दोन्ही गावांत पिण्याच्या पाण्याला पायऱ्यांची बारव होती. माणसं पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागरी भरायची आणि त्याच पाण्यातून नारू व्हायचा. आताच्या पोरांना नारू सांगावा लागतो. पायाला फोड येतो, फुटतो आणि त्यातून सुतासारखा लांब किडा बाहेर येऊ लागतो. तो ओढून काढायचा नाही. तुटला तर पाय सडतो. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचा, तोवर माणूस खाटेवर. सासरच्या बारवेच्या पायऱ्या ब्लॉकच्या, म्हणजे तालुक्याच्या विकास कचेरीच्या, साहेबानं बुजवून घेतल्या होत्या. वरून दोरानं पाणी काढायचं, पाण्यात कुणाचा पाय पडायचा नाही. माहेरची बारव होती तशीच उघडी होती.

माझ्या आईला दरसाल नारू व्हायचा, तोही नेमका मृगाच्या तोंडावर. सगळं गाव पेरणीला जायचं आणि आई दारात पाय पसरून काडीकडं बघत बसायची. एकदा नारू गुडघ्यापाशी निघाला तेव्हापासून तो गुडघा पुरता वाकेना. वैदू म्हणाला होता, अजून एखाददोन वर्षं असंच चाललं तर बाई उठायची नाही. मी माहेरी यायची ती त्या पायाकडं बघतच.

त्या साली मी चैत्रात माहेरी आले होते. वडील पेपर वाचत होते, अमक्या राज्याला इतके कोट, तमक्याला तितके कोट. आईनं आयुष्यात एकच कोट पाहिला होता, नळदुर्गाच्या किल्ल्याचा. ती आतून म्हणाली, "येवढं कोट दिल्लीपाशी हायत, तर त्यातला एक आपल्या बारवंभवती घाला म्हनावं. लई मोठा नगं."

ओसरीवर हशा पिकला. मलाही हसू आलं. वडिलांनी तिला कोट म्हणजे कोटी, कोटी म्हणजे शंभर लाख असं समजावून सांगितलं. आई म्हणाली, "मग त्येला काय करायचं?" आणि पाय जवळ ओढून घेतला. तेव्हा माझं हसू जागच्या जागी विरलं.

त्याच आठवड्यात माहेरच्या भागातल्या ब्लॉकचे साहेब गावात आले. बैठक वडिलांच्या ओसरीवर भरली, कारण पंचांत वडिलांचा शब्द चालायचा. मला न्यायला आलेले सासरेही तिथंच पानाचा डबा घेऊन बसले होते. साहेबांनी सांगितलं, बारवेला कठडा करू, सिमेंट आणि गवंडी सरकार देईल. दगड गावानं वाहायचे आणि पायऱ्या गावानं बुजवायच्या. श्रमदान.

वडील सासऱ्यांकडं वळले. "पाव्हणं, तुमच्याकडं गावानं काय दिलं?"

सासरे मिशीवर ताव देत म्हणाले, "एक धोंडा उचलला न्हाय. समदं दिल्लीनं केलं."

"ऐका सायेब!" वडील कडाडले. "म्हैसूरवाल्यास्नी फुकट, आन आमी धोंडं वाहायचं? त्यांचा वाटा तेवढा आमचा. न्हाय तर ऱ्हाऊ द्या." गावानं माना डोलावल्या. फुकट मिळत असेल तर कुणाला नको असतं? साहेब तरुण होते, वाद घालून घालून दमले. कागद पिशवीत घालत म्हणाले, "मग मी हे काम दुसऱ्या गावाला देतो. तिथले लोक तयार आहेत."

मी दाराआड उभी होते. सासऱ्यांची थाप मला ठाऊक होती, कारण ते दगड आम्हीच वाहिले होते. नवी नवरी होते मी, हातातला चुडाही जुना झाला नव्हता. सासूबाईंनी डोईवर ठेवायला चुंबळ दिली आणि आम्ही बाया ओढ्यातून पाट्या आणत राहिलो. सासरे स्वतः पहार घेऊन उतरले होते. पण व्याह्यापुढं कोण सांगतंय! झाकली मूठ सव्वा लाखाची. सुनेनं ती चारचौघांत उघडायची म्हणजे काय, हे त्या काळच्या बाईला सांगायला नको. मागं आई भिंतीला धरून उठायची खटपट करत होती.

मी उंबऱ्यात आले. पदर पुढं ओढून सासऱ्यांना म्हणाले, "मामा, धोंडं तर आपुनच वाहिले की. म्याबी वाहिले. दिल्लीनं सिमिट दिलं."

सासऱ्यांनी पानाचा डबा बंद केला. वडिलांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी परकीच असावी. पण नाही म्हणायला आता त्यांच्याकडं कारण उरलं नव्हतं. साहेबांनी कागद पुन्हा बाहेर काढला.

परत जाताना गाडीत सासरे फक्त बैलांशी बोलले. घरी सासूबाईंनी घरचा भेदी लंकादहन म्हणून घेतलं, तेही आठवडाभर. सासऱ्यांनी बोलणंच टाकलं. भाकरी वाढली तर जेवत, पाणी दिलं तर पीत, पण माझ्याशी शब्द नाही. मला त्याचा राग यायचा आणि त्यांची कीवही यायची.

माहेरच्या बारवेच्या पायऱ्या वैशाखात बुजल्या. त्या मृगालाही आईला नारू झालाच. वडील म्हणाले, काय उपयोग झाला? पाणी पोटात गेल्यावर नारू बाहेर यायला वर्ष लागतं, हे साहेबांनी सांगितलं होतं. पण ऐकायला कोण बसलं होतं? पुढच्या मृगाला मात्र आईचे पाय कोरडे राहिले. गुडघा आखडलेलाच राहिला, तो काही सुटला नाही.

पेरण्या आटोपल्यावर एका सकाळी आई काठी टेकत ओढा ओलांडून आली. माझ्या लग्नानंतर ती पहिल्यांदाच आमच्या दारात उभी होती, आपल्या पायांनी चालत आलेली. सासरे ओसरीवर होते. तिनं डोईवरून पदर घेतला आणि म्हणाली, "पोरगी बोलून गेली त्या दिशी. तिला पदरात घ्या."

सासऱ्यांनी तिच्या पायांकडं बघितलं. मग आत तोंड करून, वर्षानं पहिल्यांदा, मला हाक मारली.

"सूनबाई, इहीनबाईस्नी पानी द्या. दिल्लीचं न्हाय म्हनावं, आमच्या हातचं हाय."