वाऱ्याला अडवणारी पाटी

मधुकर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नेरूळच्या आमच्या घरी पूजेला बसलो होतो. दूरध्वनी पत्नीने घेतला. मधुकर तिचा धाकटा भाऊ.  तिने आत जाऊन गॅस बंद केला आणि देवघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. आदल्या दिवशीच तो येऊन गेला होता. चहाचे आधण ठेवलेले पाहून म्हणाला होता, "झाकण ठेव ग ताई, निम्मा गॅस छताला जातोय." बहिणीकडे आलेल्या भावाने प्रकृतीची विचारपूस करावी अशी आपली रीत, हा गृहस्थ मात्र जळणाची विचारपूस करी. मी वैतागून पोथी मिटली होती... हृदयविकाराच्या झटक्याने तो कळंबोलीला आपल्या कार्यालयात, बसल्या खुर्चीत गेला. ईश्वरेच्छा म्हणून ते मी शिरोधार्य मानले आहे. परंतु महिना उलटला तरी त्याच्यावरचा माझा वैताग शमलेला नाही, आणि दिवंगताविषयी वैतागाने लिहू नये असे निदान मी वाचलेल्या ग्रंथांत तरी कोठे आढळले नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून बंगळूर-नागपूरकडे माल नेणारे त्याचे काही ट्रक होते. धंद्यातले लोक ज्याला 'अ‍ॅव्हरेज' म्हणतात, म्हणजे लिटरभर डिझेलमध्ये गाडी किती पळते, ते त्याचे उपास्य दैवत. चाकात हवा कमी असेल तर डिझेल जास्त जाते, उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे हे पाप, गिअर वेळेवर बदलावा, हे सारे त्याने मला इतक्या वेळा ऐकवले होते की ज्याने जन्मात सायकलही चालवली नाही असा मी ते झोपेतही म्हणू शकलो असतो. आमच्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना हा माझ्या कानाशी लागून टायरविषयी बोलत होता. मी डोळ्यांनी दटावले, तर म्हणाला, "दाजी, तुमचं चालू द्या, मी हळू बोलतो."

मग एके वर्षी त्याला वाऱ्याचा शोध लागला. भरधाव गाडीचा मोठा शत्रू म्हणजे समोरचा वारा, आणि आपल्या ट्रकांच्या टपावर उभ्या फळ्या लावून आपण तो हौसेने अडवतो, असे त्याचे म्हणणे. त्याने टपावर बसवण्यासाठी उतरते पत्रे करून घेतले. वारा त्यांवरून घसरून जावा अशी योजना. एकेका ट्रकवरच्या नक्षीदार फळ्या, गोंडे, झालरी उतरू लागल्या. चालक कुरकुरले, पण ऐकले. अडला तो संपतराव.

संपतराव साताऱ्याकडचा. मधुकरने पहिला ट्रक घेतला तेव्हापासूनचा चालक, आणि खरे सांगायचे तर मधुकरचा एकुलता एक मित्र. त्याच्या ट्रकच्या टपावर लाकडी पाटी होती, 'श्री भैरवनाथ प्रसन्न'. गावच्या देवळात देवापुढे ठेवून, गुरवाच्या हातून गंधाक्षता लावून आणलेली. ती काढायला त्याने साफ नकार दिला. मधुकर माझ्याकडे आला.

"दाजी, तुम्ही एवढे शास्त्री. पाटी काढली तर चालतं, असा एक श्लोक द्या ना."

"श्लोक म्हणजे तुझ्या ट्रकचा नटबोल्ट नव्हे, मापाला बसेल तो काढून द्यायला," मी म्हणालो. "तू त्याच्याशी नीट बोललास का?"

"बोलायचं काय त्यात? ट्रक माझा, डिझेल माझं."

आणि त्याने करायचे तेच केले. संपतराव आंघोळीला गेला असताना कारागिराला टपावर चढवून पाटी उतरवली. संपतरावाने परत येऊन वर पाहिले, खाली टेकवलेली पाटी उचलली, किल्ली मधुकरच्या टेबलावर ठेवली आणि तो चालू लागला. दुसऱ्या एका मालकाने त्याला आधीच बोलावून ठेवले होते. तेथे तो एकदा गेला असता तर परत आला नसता, हे मधुकरला कळत होते. पण स्वतः जाईल तर तो मधुकर कसला... माझ्या घरी येऊन तो सोफ्यावर बसला, जेवला नाही, आणि त्या संध्याकाळी अ‍ॅव्हरेजचा शब्दही त्याने काढला नाही. तेव्हा माझी पत्नी घाबरली. मला म्हणाली, "अहो, तुम्ही जा."

करंजाडे गावात संपतरावाची भाड्याची खोली होती. पाटी पाटावर ठेवलेली, तिला झेंडूचा हार. ट्रंक भरून तयार होती. मला बसायला चटई घालून तो म्हणाला, "दाजी, द्येवाचं काय न्हाई. त्यो वर बी ऱ्हातो, खाली बी ऱ्हातो. पर उतरवायची रीत हाय का न्हाई? भाडेकरूला सुदिक आदुगर सांगून उठवत्यात."

"आणि मधुकरने विचारले असते तर?"

"मीच पाना घिऊन चढलो असतो."

मी कळंबोलीला जाऊन मधुकरला सांगितले, की ज्याची प्रतिष्ठा केली त्याची उत्तरपूजा करूनच ते हलवावे. घटकाभराचे काम आहे. "रोज सकाळी चाकाचाकाला हवा विचारत फिरतोस. माणसाला एकदा विचारायला तुझे किती डिझेल जाते?" त्याने टेबलावरची ती किल्ली उचलून पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाला, "पण दाजी, पाटी तर काढलीय. आता पूजा कशाची करणार?"

"आधी पुन्हा बसवावी लागेल."

त्याच्या चेहऱ्यावरचे ते भाव आठवले की मला आजही समाधान वाटते. दुसऱ्या दिवशी संपतरावाने पाटी आणली, आणि मधुकर, त्याचे ते पोट सांभाळीत, स्वतः टपावर चढला. बोल्ट आवळताना घामाघूम होऊन पुटपुटत होता, "काढायचीच आहे तर घट्ट कशाला आवळायची?" खालून संपतराव म्हणाला, "आवळा मालक. द्येव बसलाय, पडाया नको." मग मी शिडीच्या मधल्या पायरीवर उभा राहून पूजा सांगितली. आजूबाजूचे चालक चहाचे पेले घेऊन पाहत होते. दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता वाहिल्या. मधुकरने वरूनच विचारले, "संपत, काढू का?" आवाज नेहमीचाच, खेकसल्यासारखा. संपतराव म्हणाला, "आता काढा की."

पाटी केबिनमध्ये, आसनामागे गेली. टपावर पत्रा बसला. अ‍ॅव्हरेज थोडेसे सुधारले. मधुकर म्हणे वाऱ्यामुळे, संपतराव म्हणे देव आत आल्यामुळे. हा वाद दोघांनी इतकी वर्षे चालवला, आणि प्रत्येक वेळी निवाडा मागायला माझ्याकडेच येत. मी एकदाही दिला नाही.

गेल्या आठवड्यात मधुकरच्या मुलाला भेटून कार्यालयातून निघालो, तर संपतराव माल भरून सुटत होता. "नेरूळच्या फाट्यावर सोडतो, चला," म्हणाला. चालकाच्या शेजारची जागा मधुकरची. लांबच्या फेरीला तो निघाला की तिथेच बसे. मी दाराची कडी धरून खालीच थांबलो. "संपतराव, बसू का?" त्याने त्या जागेकडे क्षणभर पाहिले, गमछ्याने ती पुसली आणि मान हलवली.

पुढे दूरवर सिग्नल लाल दिसला. अजून कितीतरी अंतर होते, तोच संपतरावाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडी आपल्याच वेगात सावकाश घरंगळू लागली, आणि मागच्या वाहनांनी हॉर्नचा कल्लोळ केला. मीही अधीर होऊन म्हणालो, "अहो, इतक्या लांबून?"

"मालक गुडघ्यावर चापट मारायचे," तो समोर पाहतच म्हणाला. "म्हनायचे, लाल दिव्याकडं पळत कशाला जातोस, तिथं काय वाढून ठेवलंय? आता चापट न्हाई. पर पाय उचालतोच..."

हॉर्न वाजतच राहिले. आम्ही पोहोचेपर्यंत दिवा हिरवा झाला आणि गाडी न थांबता पुढे गेली.