भोंगा बंद असतानाची दुपार

अकोल्यात कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा दुपारी बाराला वाजे. बाळापूरच्या वाटेवरच्या मळ्यात निंदणाऱ्या आम्ही बाया तो ऐकून सुटत असू. माझं पहिलं लेकरू तेव्हा चार महिन्यांचं होतं. त्याला सासूजवळ ठेवून मी कामाला यायची. दुपारच्या सुटीत धावत घरी जाऊन त्याला पाजायची आणि परत यायची.

लढाई वाढली. कलकत्त्याला जपानचे बॉम्ब पडल्याची बातमी आली आणि हुकूम निघाला की भोंगा आता फक्त विमान आल्यावर वाजेल. विमान काही आलं नाही, पण आमचे रोजचे बाराही वाजेनात. घड्याळ एकट्या मुकादमाच्या खिशात होतं आणि ते तो कोणाला दाखवत नसे.

सुटी लांबत गेली. बाकीच्यांना ते पोटावरून कळे, मला चोळीवरून. दूध गळून चोळी भिजायची. मी पदर ओढून मेथीच्या वाफ्यात मान खाली घालून बसायची. घरी लेकरू रडून रडून झोपलेलं असायचं. सासूने शेळीचं दूध बोटाने चाटवलं, तर त्याला हगवण लागली. त्याच्या मांडीची कातडी माझ्या हाताला सैल लागली.

शेजारच्या वाफ्यातल्या म्हातारीने एकदा विचारलं, "मुकादम, बारा नाई वाजले का अजून?"

"लढाई चालू हाये बुढे, अन् तुले भाकरीची पडली!"

मी चौथी शिकलेली. मास्तरांनी शाळेच्या अंगणात काठी रोवून दाखवलं होतं की सावली आखडत जाते तोवर सकाळ, ती वाढायला लागली की बारा होऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी बांधावर तुरीची एक वाळकी तुराटी रोवली आणि निंदता निंदता तिच्या सावलीच्या टोकाशी खडे ठेवत गेले. सगळ्यात आखूड सावलीचा खडा सोडून सावली वीतभर पुढे सरकली, तेव्हा कुठे मुकादमाने सुटी दिली.

विमानाची भीती मलाही होती. पण जे आलंच नाही त्याच्या नावाने हा माणूस माझ्या लेकराचं दूध तोडत होता.

तिसऱ्या दिवशी सावली त्या खड्याला टेकली आणि मी खुरपं ठेवून उठले. तोवर मुकादमाशी मी एक शब्द बोलले नव्हते.

"काहून उठली व? भोंगा वाजला का?"

"सावली पोचली."

"मोठी आली सावलीवाली! उघड्या वावरातून एकटी जाशीन अन् वरून जपानचं इमान आलं त? मालकाले जबाब मले द्या लागते."

"इमान आलं त माह्यं लेकरू कोणाच्या पदराखाली जाईन? बॉम्ब पडाचा तवा पडो. तवर त्याले मी उपाशी मारत नाई."

"मंग उद्यापासून येऊ नको."

"येईन. अन् सावली पोचली का जाईन."

माझा आवाज पार विहिरीपर्यंत गेला होता. सगळ्या बाया हातातलं गवत हातात धरून पाहत राहिल्या. उघड्या वावरातून मी सरळ चालत गेले, एकदाही वर पाहिलं नाही. लेकरू जागं होतं. पोटभर प्यालं.

दुसऱ्या दिवशी गेले तर तुराटी मोडून पडलेली. मी काही बोलायच्या आत म्हातारीने त्याच जागी तेवढ्याच उंचीची दुसरी रोवली, तिच्या सुनेने पलीकडच्या बांधावर आणखी एक. मुकादम आंब्याखाली बसून पाहत होता. पण त्याने कामावरून काढलं नाही. निंदणाला बाया मिळत नव्हत्या. सावली खड्याशी यायला थोडी उरली असेल, तेव्हा त्यानेच घड्याळ काढलं आणि ओरडला, "झाले बारा! जा!"

"थांबा न मुकादम, दोन बोटं बाकी हायेत," म्हातारी म्हणाली. "मालकाचं नुकसान कशाले करता?"

बाया मोठ्याने हसल्या. ते हसणं मला पाठीमागून ऐकू आलं, मी वाटेला लागले होते.