अरुंधती दिसली तरच

दत्ताराम आमच्या दशावतारी मंडळाचा टेम्पोवाला. एकतीस वर्षं त्यानं आमचे पेटारे आणि झोपलेली माणसं या जत्रेतून त्या जत्रेला नेली, गाडीला कधी ओरखडा नाही. मी रंगभूमी सोडली, तरी माघातल्या जत्रांना त्याच्या शेजारची जागा माझीच. जन्मभर स्त्रीपार्ट केले म्हणून या बोळक्या म्हाताऱ्याला तो अजून हाक मारी, "काय राणीसरकार!"

त्याचा एक नेम होता. नाटक आटपून निघालो की धामापूरच्या तळ्याकडे उतरण्याआधी सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, गाडी थांबवायची आणि उत्तरेला बोट करायचं. सप्तर्षींतले पुढचे दोन तारे, पुलह आणि क्रतू. त्यांची ओळ धरून खाली, त्यांच्यातल्या अंतराच्या पाचपट गेलं की ध्रुव. आमच्याकडे तो झाडांच्या शेंड्यांशीच असतो. मग शेपटीतला वसिष्ठ आणि त्याला बिलगलेली बारीक अरुंधती. ती दिसली तर घाटी उतरायची. नाही दिसली तर डोळ्यांवर झोप आहे असं समजून तासभर पडायचं.

गेल्या माघात त्याचं बोट गेलं मोबाइल टॉवरच्या तांबड्या दिव्याकडे.

"ह्यो ध्रुव. अरुंधती पण दिसता. चला!"

वाक्य बिनचूक होतं, पण मान वर गेलीच नव्हती. असं नुसतं पाठ म्हणणारे नट मी पुष्कळ पाहिलेत. मागे अकरा माणसं घोरत होती. खाली सात वळणं, आणि शेवटच्या वळणाला तळं.

मी मुद्दाम म्हटलं, "दत्ताराम, वसिष्ठार ढग इलो बघ."

त्यानं वर पाहिलं. "व्हय. मगाशीच इलो."

आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता.

"चावी दी."

"कित्याक?"

"दी म्हणतंय."

त्यानं इंजिन सुरू केलं. "एकतीस वर्सां, राणीसरकार! सगळी वळणां पाठ आसत माका."

"आणि समोरून येतलो ट्रक? तो काय तुझ्या पार्टाची नक्कल वाचून येतलो?"

गाडी हातभर पुढे सरकली. मी हँडब्रेक ओढला. "माका हंय उतरव, मगे जा!" रंगमंचावर कधी लागला नाही असा आवाज लागला.

इंजिन बंद झालं.

"मंडळाक कळला तर माझी गाडी बंद."

"सांगूचा तर लागतला. पण आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावया. मी येतंय वांगडा."

"खराच ढग नाय?"

"नाय रे."

त्यानं चावी माझ्या तळहातावर ठेवली. आम्ही गाडीतून खाली उतरलो. मी त्याचं मनगट धरलं आणि ज्या बोटानं मला तारे शिकवले, ते तांबड्या दिव्यावरून डावीकडे, वीतभर सरकवलं.

"हंय?"

"हंय."

टेम्पोच्या मागून पेटीवाला महादू झोपेतच ओरडला, "पोचलो काय रे?"

दत्तारामचं मनगट माझ्या मुठीत ताठ झालं.

"नाय," मी ओरडलो. "ढग आसा. उजाडल्यार जाव. निज तू."