पाहुण्यांना माफी

आमच्या गावात समुद्राकडे जाणारा रस्ता एकच, आणि तोही दोन्ही बाजूंच्या पडव्यांमधून अंग चोरून जाणारा. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला मागे जावंच लागतं. कोणी जायचं, यावर शनिवार-रविवार हॉर्न वाजत राहतात. पूर्वी मला त्याची गंमत वाटायची. ओट्यावर मासळी साफ करता करता मी मुंबईवाल्यांची भांडणं ऐकायची. मग नवऱ्याच्या किडन्या गेल्या, आणि गंमत संपली.

मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याला अलिबागला डायलिसिसला न्यावं लागतं. नवाची वेळ, चार तास यंत्रावर. उशीर झाला तर तेवढा वेळ कापला जातो, कारण पुढचा पेशंट दारात बसलेला असतो. एरवी आम्ही रिक्षाने तासाभरात पोचतो. शनिवारी गावाची वेस ओलांडायलाच तास जातो. कापलेला वेळ दुसऱ्या दिवशी त्याच्या पायांवर दिसतो. सुजेवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो.

मी ग्रामपंचायतीची सदस्य. राखीव जागेवर, मोठ्या दिरांच्या शब्दावर निवडून आलेली, हे आधीच सांगून टाकते. दिरांच्या वाडीत पर्यटकांसाठी आठ खोल्या आहेत. पंचायतीत मी सही करायची आणि गप्प बसायचं, असं न बोलता ठरलेलं होतं. ते मी मोडलं. शनिवार-रविवार बाहेरची गाडी वेशीच्या आत आणायची तर पट्टी भरायची. नसेल भरायची तर गाडी शाळेच्या मैदानात ठेवायची आणि टमटमने किनाऱ्यावर जायचं. असा ठराव मी मांडला.

ग्रामसभेला एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. दीर शांतपणे उठले. ते चिडत नाहीत, हीच त्यांची ताकद.

"माझी बहीण मुंबईची गाडी घेऊन माहेरी येते," ते म्हणाले. "तिच्याकडनं वाटंचे पैसं घेणार तू? जावयाला वेशीवर आडवणार? मग गावाची आब काय ऱ्हाईल?"

अर्ध्या सभेच्या लेकी मुंबईला दिलेल्या. माना हलायला लागल्या, आणि मला समोर शनिवार दिसायला लागला. हातचं जातंय म्हटल्यावर मी घाई केली.

"पाहुण्यांना माफी," मीच म्हणाले. "तसं लिवा ठरावात."

ग्रामसेवकांनी तसं लिहिलं. हात वर झाले. दिरांचाही झाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी आनंदात होते. घरी येऊन गोडाचा शिरा केला.

पुढच्या शनिवारी वेशीवर बांबू आडवा टाकून बचत गटातल्या दोघीजणी पावतीपुस्तक घेऊन बसल्या. साडेसातला आम्ही रिक्षातून तिथे पोचलो. बांबूपलीकडे पहिली गाडी उभी होती.

"आम्ही पाहुणे आहोत," आतला माणूस म्हणाला.

"कोणाकडचे?"

त्याने फोन लावून खिडकीतून बाहेर धरला. दिरांचा आवाज आला, "व्हय, आमचेच पावणे. सोड त्यांना."

मागची गाडीही पाहुण्यांची. तिच्या मागचीही. आमच्याकडे खोल्या देणारे गिऱ्हाइकाला कधी गिऱ्हाईक म्हणत नाहीत. आज पाहुणे आहेत, कोंबडी कापा. पाहुणे उठले का, चहा न्या. मी स्वतः दिरांच्या अंगणात असल्या पाहुण्यांना सोलकढी वाढली आहे. इतकी वर्षं माझ्याच तोंडातला शब्द, आणि ठरावात घालताना मला तो ऐकू आला नाही.

पावती एकही फाटली नाही. पण प्रत्येक गाडी फोन लागेपर्यंत थांबायची, त्यामुळे रांग वळणापर्यंत गेली आणि आमच्या रिक्षाला बाहेर निघायला जागाच उरली नाही. सव्वाआठ झाले. मी उतरले आणि बांबू उचलून बाजूला फेकला.

"स्वतःच लावलास, स्वतःच काढलास," नवरा रिक्षातून म्हणाला. तो हसला, आणि हसताना त्याला दम लागला. रांग सुटता सुटता दहा वाजले, आणि त्या दिवशी त्याला दोनच तास मिळाले. रात्री आडवं होता येईना, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला.

पुढच्या सभेत मी शब्द बदलायला उठले. 'पाहुणे' काढा, 'नातेवाईक' घाला.

"ज्याच्याकडनं आपण ताटाचं पैसं घेतो," मी म्हणाले, "तो पावणा न्हाय. गिऱ्हाईक."

कोणी हसलं नाही. दीर बसल्या जागेवरून बोलले, "गिऱ्हाईक म्हटलंस की घराचं दुकान झालं. मग घरपट्टी पण दुकानाची लागंल. चालंल सगळ्यांना?"

माझ्या बाजूने तीन हात आले. गटातल्या एकीने चौथा अर्धा वर केला, सासूकडे पाहिलं, आणि त्याच हाताने पदर सारखा केला. मला तिचा रागही आला नाही. राग आला तो माझाच.

आता मी शुक्रवारी दुपारी नवऱ्याला अलिबागला माझ्या बहिणीकडे सोडून येते. शनिवारी ती त्याला दवाखान्यात नेते, रविवारी मी त्याला परत आणते. पूर्ण चार तास मिळतात, सूज उतरली आहे. वेशीवरचा बांबूही आहे, कारण ठराव अजून आहे.

मागच्या महिन्यात दीर ओट्यावर येऊन बसले. भावाची चौकशी केली. मग म्हणाले, "शुक्रवार-शनिवार त्याची खोली मोकळीच आसते न्हवं? माझ्याकडं जागा पुरत न्हाय. त्याच्या औषधाला तेवढाच हातभार."

मी आत जाऊन चहा ठेवला. चहा उकळून भांड्याबाहेर आला. बहिणीवर तरी खर्चाचा किती भार टाकायचा? मी नवऱ्याची चादर काढली, त्याच्या गोळ्यांचा डबा माझ्या ट्रंकेत ठेवला आणि खोली झाडून घेतली.

शनिवारी सकाळी वेशीवरून फोन आला.

"ताई, एक गाडी हाय," गटातली म्हणाली. "तुमचं नाव सांगतायत. काय करू?"

मागे हॉर्न वाजत होते.

"व्हय," मी म्हणाले. "आमचेच पावणे. सोड त्यांना."