कोरे सोडलेले गोल

नगरमध्ये स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासवर मी चौदा वर्षं गणित आणि बुद्धिमत्ता शिकवतोय. अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत. परीक्षा झाली की पोरंच घेऊन येतात. चहाच्या टपरीवर मी ते रंगवून सांगतो, लोक हसतात. त्यात मी कसा वागलो, तेवढं मात्र दर वेळी गाळतो. आज ते गाळत नाही.

*

माझा एक नियम होता : "शंका असेल तर प्रश्न सोडा." चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, मग धोका घ्यायचाच कशाला? फळ्याच्या कोपऱ्यात हे वाक्य कायम लिहिलेलं असायचं.

एकदा पारनेरचा दत्ता उठला. वर्गात कधी तोंड न उघडणारा पोरगा.

"सर, चार ऑप्शन हायेत. काहीच येत नसलं तरी चार प्रश्नांत एखादा लागतोच. एक मार्क आला. तीन चुकले, पाऊन गेला. पाव मार्क तर आपलाच ऱ्हातो. मग सोडायचं कशाला?"

हिशोब बरोबर होता. मला तो उभ्या उभ्या कळला. तरी मी म्हणालो, "दत्ता, एवढं डोकं पेपरात चालव."

सगळा वर्ग हसला. दत्ता खाली बसला आणि महिन्याभरात क्लास सोडून गेला. आज तो सरकारी नोकरीत आहे. रस्त्यात दिसला की लांबून नमस्कार करतो. मीच नजर चुकवतो.

*

तसं बोलण्यामागे माझं जुनं दुखणं होतं. मी स्वतः एका पूर्व परीक्षेत अर्ध्या मार्कानं राहिलो होतो. त्या पेपरात नऊ उत्तरं अंदाजानं मारली होती. "तुक्क्यांनी माझी पोस्ट खाल्ली," हे मी प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी ऐकवायचो.

दत्ताच्या प्रश्नानंतर घरी जाऊन मी जुनी प्रश्नपत्रिका काढली. नऊपैकी सहा चुकले होते, म्हणजे दीड मार्क गेला. ते सहाही मला पाठ होते. बरोबर आलेले तीन, ज्यांनी तीन मार्क दिले होते, ते मात्र आठवतच नव्हते. नऊच्या नऊ कोरे सोडले असते, तर अर्ध्याऐवजी दोन मार्कांनी राहिलो असतो.

बायकोनं विचारलं, "काय शोधताय?"

"लाईट बिल."

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

*

पुढे सराव परीक्षेत एक गंमत करून पाहिली. सगळ्यांना सुरुवातीलाच शंभर मार्क देऊन टाकले. प्रश्न कोरा सोडला की एक कमी, चुकला की सव्वा कमी. बेरीज शेवटी तीच येते, फक्त मोजायचं वरून खाली.

रोहिणी म्हणून एका मास्तरांची मुलगी होती. आधीच्या टेस्टला एकसष्ट मिळाले म्हणून तिनं पेढे वाटले होते. या वेळीही एकसष्टच, आणि ती रडायला लागली.

"अगं, तेवढेच तर आहेत."

"तेव्हा एकसष्ट मिळाले होते, सर. आज एकोणचाळीस गेले."

टपरीवर हा किस्सा सगळ्यात जास्त चालतो. वर्गासमोर मी तिची नक्कल केली आणि ती डबा न उघडताच घरी गेली, हे तिथं कुणाला माहीत नाही.

*

सुनीता खर्ड्याची. पोलीस भरतीची तयारी करायची. मैदानात अव्वल. लेखीला चुकीच्या उत्तराला मार्क कापले जाणार नव्हते, तरी दोन मार्कांनी राहिली. उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी घेऊन क्लासवर आली. अकरा गोल कोरे.

"या पेपरला निगेटिव्ह नव्हतं ना?"

"न्हवतं, सर."

"मग हे अकरा?"

"शंका हुती."

"अगं, पण काही जाणारच नव्हतं."

"म्हाईत हुतं. पेन टेकवला की तुमचा आवाज यायचा. हात पुढं जाईना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. वयोमर्यादेमुळे तिची ती शेवटची भरती होती. आता ती नागापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे.

त्याच दिवशी मी फळ्यावरचं ते वाक्य पुसून टाकलं.

यंदा तिची धाकटी बहीण क्लासला आली. पहिल्याच टेस्टला मी बजावलं, "या पेपरला निगेटिव्ह नाही. एकही गोल कोरा ठेवायचा नाही." पेपर गोळा केले, तर तिचे नऊ कोरे.

"अगं, मी काय सांगितलं होतं?"

ती डाव ओळखल्यासारखी हसली. "ताई म्हनली हुती, सर मुद्दाम असं सांगून बघत्यात. शंका आली की आपन सोडायचेच."