कोरडं झाडलेलं बॉयलरघर

तिला सगळे मावशी म्हणत, आणि त्याचा तिला मनापासून राग यायचा. कागदाच्या कारखान्यात ती सफाईला लागली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. पहिल्याच दिवशी, तिच्या वडिलांपेक्षा वयाने मोठ्या इंजिनिअरसाहेबांनी बोट दाखवून "मावशी, इकडचं राहिलं बघा" म्हटलं. हातात खराटा आला की बाई आपोआप कुणाचीही मावशी होते. तशी हाक मारायचा खरा हक्क जगात एकटीलाच होता, तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीला. आणि ती तर तेव्हा जन्मलीही नव्हती.

मावशीच्या वाट्याला बॉयलरघर आलं. उंच छपराची, कायम तापलेली खोली. मधोमध दोन बॉयलर आणि त्यांच्यातून निघून भिंतभर फिरणारे वाफेचे पाइप. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून पाइपांवर जाड पांढरा लेप चढवलेला असायचा, मोडलेल्या पायाला प्लास्टर घालतात तसा. तो लेप ॲस्बेस्टॉसचा होता, पण हा शब्द तिला कुणी सांगितला नाही. गळती काढायला फिटर यायचे, हातोडीने लेप फोडायचे, नवा कालवून थापायचे आणि फोडलेला तसाच खाली टाकून चहाला जायचे. तो मावशीने झाडायचा, तोही कोरडा. आधी पाणी शिंपडायची परवानगी नव्हती. मोटारी आहेत, ओल नको, असा साहेबांचा हुकूम होता. "नुसती धूळ तर आहे, झाडून काढा."

तिने अकरा वर्षं झाडून काढली. खराटा फिरला की खिडकीतून येणाऱ्या उन्हात बारीक कण चमकायचे, आणि नाकाला रुमाल बांधलेली मावशी मनात म्हणायची, दिसायला तरी छान आहे. कोपऱ्यात कण राहिलेला तिला खपत नसे. एका वर्षी सर्वांत स्वच्छ विभाग म्हणून बॉयलरघराला ढाल मिळाली. ती साहेबांनी घेतली, फोटोही त्यांचाच निघाला. मावशीला मात्र टाळ्या वाजवायला अगदी पुढच्या रांगेत जागा मिळाली, एवढा मोठा मान.

पुढे कारखाना बंद पडला. यंत्रं विकून मालक मोकळे झाले आणि इमारत तेवढी गंजत मागे राहिली. वीसेक वर्षं गेली आणि मावशीला जिना चढताना धाप लागायला लागली. तीन डॉक्टरांनी तिला खोकल्याच्या बाटल्या दिल्या. चौथ्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि विचारलं, "काम काय करत होतात?" हा साधा प्रश्न आधीच्या तिघांना सुचला नव्हता. मावशीने अभिमानाने सगळं सांगितलं, ढालीसकट. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग त्यांनी तिला तो शब्द सांगितला. त्याचे तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात. श्वासाबरोबर खोल जाऊन रुततात, तिथून निघत नाहीत, आणि वर्षानुवर्षं फुप्फुस राठ करत राहतात. कधी कर्करोगही होतो. धड असलेला लेप एक वेळ परवडला, पण फोडला, खरवडला, कोरडा झाडला की तो हवेत उठतो आणि तासन्‌तास खाली बसत नाही.

मावशी घरी येऊन रडली नाही. तिने साहेबांना, मालकाला, त्या ढालीला रीतसर शिव्या घातल्या, आणि धाप लागली म्हणून थांबली. घरात मात्र तिने दमा झालाय म्हणून सांगितलं. जन्मभर ज्या कामाची फुशारकी मारली त्याच कामाने आपल्याला पोखरलं, हे बहिणीला कुठल्या तोंडाने सांगायचं?

अशा या बाईच्या दारात एका गुरुवारी दुपारी भाची उभी राहिली. सत्तावीस वर्षांची, स्वभावाने लाघवी आणि एका बाबतीत ठार वेडी. तिला आणि तिच्या तीन मित्रमैत्रिणींना बंद पडलेल्या इमारती धुंडाळायचा नाद होता. सुट्टी मिळाली की टॉर्च घ्यायचा, कुठल्यातरी ओसाड जागेत शिरायचं आणि फोटो काढायचे. आज तिची जीन्स राखाडी झाली होती, केसांवर पांढुरकं काहीतरी होतं, आणि चेहरा नुसता फुलला होता.

"ओळख बघू कुठून आले! तुझ्या बॉयलरघरातून! मालकाच्या माणसाने किल्ली दिली. रविवारी अडतीस लोकांना आतून कारखाना दाखवणार आहोत आम्ही. आणि तिथेच तुझा सत्कार!" असं म्हणत ती उंबऱ्यापर्यंत आली. "चौघांनी दोन दिवस खपून झाडलंय. एक कण ठेवला नाही, तू सांगतेस ना, तस्सं."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिथेच थांब! पाऊल आत टाकलंस तर तंगडं मोडीन!"

भाचीने जीन्स झटकायला हात उचलला होता, तो हवेतच राहिला.

"झटकू नकोस! कशाला हात लावू नकोस! मागच्या दाराने न्हाणीत जा. बूट बाहेर ठेव. कपड्यांवरून आधी पाणी ओत, चिंब भिज, मग उतरव. डोक्यावरून काढू नकोस, शर्ट कापून काढ."

"अगं, नवा शर्ट आहे!"

"कात्री देते."

न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहून मावशी हुकूम सोडत होती आणि दोन हुकुमांच्या मध्ये दम घेत होती. ओले कपडे पिशवीत, पिशवीला गाठ, ती दुसऱ्या पिशवीत, बूटही त्यातच. धुवायचं काही नाही, सगळं टाकायचं, तेही घरच्या कचऱ्यात नाही. आतून भाचीचा रडवेला आवाज आला.

"नाकाला मास्क होता ना आमच्या! तो निळा, दवाखान्यातला."

"त्या चिंधीतून सगळं आत जातं! रुमाल मीपण बांधायचे. त्याने काय दिवे लावले?"

"मला काय माहीत! मी विचारलं होतं मालकाच्या माणसाला. तो म्हणाला, नुसती धूळ आहे, झाडून काढा."

मावशी भिंतीला टेकली. इतक्या वर्षांत माणसं बदलली आणि वाक्यात कानामात्रेचाही फरक पडला नाही. त्या माणसाच्या नरडीचा घोट घ्यावा असं तिला वाटलं.

"तुझा दमा..." आत पाण्याचा आवाज थांबला. "मावशी, तो दमा नाहीये ना?"

"नाही."

"मग सांगितलं का नाहीस? तू तर आम्हाला फक्त ढालीची गोष्ट सांगायचीस!"

मावशीचा राग जायला वाट शोधत होता आणि या वेळी तो तिच्याच अंगावर उलटून आला.

रविवारचा कार्यक्रम रद्द करू, असं भाची म्हणाली. मावशी म्हणाली, रद्द केलात तर ते अडतीस जण दुसरीकडे कुठेतरी शिरतील. बोलवा त्यांना, पण फाटकाबाहेर. रविवारी सकाळी ती कुलूपबंद फाटकासमोर खुर्ची टाकून बसली. सत्काराचा हार तिने येताच परत पाठवला होता.

गळ्यात कॅमेरा लटकवलेला एक दाढीवाला गृहस्थ वैतागला. "आजी, मी अशा पन्नास इमारती पालथ्या घातल्यात. पाच मिनिटांत काय होतंय?"

"बहुधा काही नाही," मावशी म्हणाली. "मलाही पहिल्या पाच मिनिटांत काही झालं नव्हतं. तुमची किती झाली, पन्नास गुणिले पाच?"

मग मावशी सगळ्यांशीच बोलली. पाइपांवरचा लेप फुटलेला दिसला, छपराचे नाहीतर भिंतीचे सिमेंटचे पत्रे तुटलेले दिसले, की मागे फिरायचं. नुसतं बघून ओळखता येत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. म्हणून जुन्या इमारतीत शंका आली की आहेच असं धरायचं. खरवडायचं नाही, झाडायचं नाही, आठवण म्हणून तुकडा खिशात घालायचा नाही. ज्यांना कामासाठी आत जावंच लागतं ते या धुळीसाठीचा खास मास्क घालतात, चेहऱ्याला गच्च बसणारा, आणि अंगावर वापरून टाकून द्यायचे कपडे. "तुमच्या या जंगलावर तसला मास्क बसायचाच नाही," ती दाढीवाल्याला म्हणाली. लोक हसले. बोलताना तिला चार वेळा थांबून श्वास घ्यावा लागला, आणि चौथ्या वेळी कुणी हसत नव्हतं. आत कुणीच गेलं नाही.

सोमवारी ती भाचीला आणि बाकी तिघांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. पहिला नंबर भाचीचा लागला.

"दोनच दिवस, म्हणजे धोका कमी आहे," बाई म्हणाल्या. "पण अजिबात नाही, असं मी लिहून देणार नाही. सिगारेट ओढत असाल तर आजपासून बंद. एक्स-रेत आत्ता काही दिसणार नाही. मी नोंद करून ठेवते."

"दिसलं तर कधी दिसेल?" भाचीने विचारलं.

"वीस वर्षांनी. कधी तीस, चाळीस."

भाचीने बोटांवर हिशेब केला. मावशीने केला नाही. तिचा फार सोपा होता.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म भरला: तारखा, जागा, काम सफाईचं, कोरडं झाडणं, मास्क साधा. सहीसाठी तो पुढे सरकवला, तेवढ्यात मावशीने ओढून घेतला.

"कुणी सांगितलं म्हणून झाडलं, ते कुठाय?"

"फॉर्ममध्ये तसा रकाना नसतो, मावशी."

"माझ्या वेळी कागदच नव्हता! आता कागद आहे तर रकाना नाही! उद्या या पोरीला धाप लागली की म्हणायला मोकळे, हिनेच हौसेने झाडलं म्हणून!" तिचा आवाज बाहेर बसलेल्या पेशंटांपर्यंत गेला. मग खोकल्याची उबळ आली.

ती ओसरल्यावर डॉक्टरीणबाईंनी पेन तिच्यापुढे धरलं. मावशीने फॉर्मच्या कडेला, भाचीला विचारून, मालकाच्या माणसाचं नाव लिहिलं, वार लिहिला, त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मग कागद थोडा फिरवून तिने त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: धूळ कसली आहे हे हिच्या मावशीला चांगलं ठाऊक होतं, पण तिने हिला कधी सांगितलं नाही. आणि सही केली.

"ते खोड," भाची म्हणाली. "मावशी, खोड ना ते."

मावशीने पेनाला टोपण लावलं आणि ते डॉक्टरीणबाईंना परत दिलं.