टोपी, चुंबळ आणि निपाणीचं ऊन

घरातला लाकडी जिना, मोटारसायकलचा कॅरिअर, बायकोची पापड वाळवायची जाळी आणि आक्कासाठी ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची पडद्याची चुंबळ. सगळं माझ्या हातचं, शिकवणारा कुणी नाही. या शेवटच्या वस्तूपायीच निपाणीची फेरी गाजली.

आक्का माझी थोरली बहीण. निपाणीजवळ तंबाखूच्या रानात दिवसभर उन्हात असते. दिवाळीपासून गालावरची जखम भरत नव्हती आणि डॉक्टरचं नाव काढलं की "व्हईल बरं" म्हणायची. अशात निपाणीत शिबिर असल्याची बातमी आली. डॉक्टरांची संघटना, महिला मंडळ आणि क्रीम करणारी एक कंपनी मिळून त्वचेच्या कर्करोगाची फुकट तपासणी करणार होते. तिघं एका ताटात बसले की वाढपी कोण, ते मी आधी बघतो. तरी निघालो.

बेळगावच्या आमच्या वडगावातून पहाटेच निघा. काकतीपुढं हायवे मोकळा मिळतो. संकेश्वरला भजी गरम, चहा फिका. तवंदी घाटात ट्रकच्या मागं राहू नका.

आक्काला घेऊन शिबिरात पोचलो, तर कंपनीचे लोक टोप्या वाटत होते. एक उन्हाकडं धरली. आम्हा विणकरांची परीक्षा एवढीच: कापडापलीकडची बोटं दिसली, तर ऊनही आरपार. पाचही दिसली.

"टोपी घातल्यावर भारा काय तुज्या डोस्क्यावर ठेवू व्हय रं?" आक्का म्हणाली.

मागं मीही तिला टोपीच शिवली होती. तिनं त्यात कांदे ठेवले. मग भाऱ्याखालच्या चुंबळीलाच घट्ट विणीचा पडदा लावून दिला. कान, गाल, मान झाकतो, समोर मोकळं.

आत तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी थेट विचारलं, "शेवटी क्रीमच विकणार ना?"

"काका, या जखमेला क्रीम चालणार नाही. तुकडा काढून तपासायला हवा."

"कुठल्या हॉस्पिटलात? तुमच्याच?"

"सरकारीत न्या. पण न्या."

"खुडणी संपू दे गं बाई," आक्का उठायलाच लागली.

बाईंनी चुंबळ हातात घेतली. "ही कुणी केली?"

"माज्या भावानं!" आक्का ताठ झाली.

"भाऊ पडदा छान शिवतो, मावशी. पण गाल त्याला शिवता येणार नाही."

आक्का हसली आणि परत बसली. त्याच दिवशी तिला मोटारसायकलवर मागं बसवून बेळगावला सरकारीत आणलं. निघाला कर्करोगच, पण लहान होता. काढला. टाके पडले, ती आमच्याकडंच राहिली.

डॉक्टरांवरचा संशय मी मागं घेतला. महिला मंडळाला चुंबळीचा नमुना फुकट कापून दिला, अट एकच: कापड घट्ट हवं. कंपनी मात्र डोळ्यात खुपतच होती. तिचा माणूस परवा वडगावला घरी आला. चुंबळ आता कंपनी काढणार: पडदा त्यांच्या टोपीच्या कापडाचा, वर कंपनीचं नाव, आणि मंडळाला दिलेला नमुना मी परत घ्यायचा. आतून आक्का गालावरची पट्टी सांभाळत ऐकत होती. मी नाही म्हटलं. साठ हजार देत होते.